मणिपूरच्या खोऱ्यातील पक्षी : ॲलन ह्यूम यांची १८८१ची संग्रह-मोहीम

१८८१च्या पूर्वार्धात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मणिपूरच्या खोऱ्यात पक्ष्यांचे नमुने गोळा केले. त्यांच्या पक्षिशास्त्रीय कारकिर्दीतील ही शेवटची मोठी मोहीम. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ह्यूम यांचे नाव शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे; परंतु त्याआधीची दोन दशके ते भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासातील सर्वांत मोठे नाव होते. मणिपूरच्या मोहिमेतून विज्ञानाला एक लावा आणि एक फेझंट असे दोन ठळक नवे पक्षी मिळाले. पहिल्याचे भाईबंद सह्याद्रीपर्यंत पसरलेले आहेत, तर दुसऱ्याचा सर्वांत जवळचा नातलग चीनमध्ये आहे. एकाच खोऱ्याच्या परिसरात हे दोघे सापडावेत, यातच मणिपूरचे जीवभौगोलिक महत्त्व दिसते.

खोरे आणि त्याभोवतीचे डोंगर

मणिपूरचा बहुतेक भाग डोंगराळ आहे. मध्यभागी सुमारे अडीच हजार फुटांहून थोड्या अधिक उंचीवर एक सपाट, लांबट खोरे पसरले आहे. त्याचे क्षेत्र राज्याच्या एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याइतकेच असले, तरी भातशेती, राजधानी इम्फाळ आणि मैतेई समाजाची दाट वस्ती या खोऱ्यातच आहे. चारही बाजूंच्या डोंगरांत नागा आणि कुकी जमातींची गावे आहेत. इम्फाळ, इरिल, थौबल, नंबुल या नद्या उत्तरेकडून आणि बाजूच्या डोंगरांतून खोऱ्यात उतरतात. दक्षिणेकडे त्यांचे पाणी मणिपूर नदीतून चिंदविनला आणि पुढे इरावतीला जाते. म्हणजे डोंगराच्या पश्चिमेचे पाणी बराक नदीतून बंगालच्या मैदानात उतरते, तर खोऱ्याचे पाणी ब्रह्मदेशाकडे वळते.

खोऱ्याच्या दक्षिण भागात लोकताक सरोवर आहे. पावसाळ्यात त्याचे पाणी दूरवर पसरते आणि हिवाळ्यात ओसरते. पाण्यावर गवत, मुळे आणि कुजलेला पाला यांचे जाड तरंगते थर तयार होतात. त्यांना फुमदी म्हणतात. या फुमदींवर संगाई हे शिंगाळ हरीण राहते. १८४०च्या दशकात ते पाश्चात्त्य प्राणिशास्त्राच्या नोंदीत आले. सरोवराच्या काठाने आणि नद्यांच्या पूरक्षेत्रांत त्या काळी माणसाच्या डोक्याहून उंच गवताची रानेच्या राने होती. उथळ पाणी, दलदल, उंच गवत, भातखाचरे आणि जवळच ओक व पाइन वृक्षांचे डोंगर, असे निरनिराळे अधिवास एका दिवसाच्या चालीत भेटणारा प्रदेश पक्षितज्ज्ञाला मोलाचा वाटणे साहजिक होते.

दुर्गमतेची कारणे

ह्यूम गेले तेव्हा मणिपूर हे महाराजा चंद्रकीर्ती सिंह यांचे संस्थान होते. १८१९ ते १८२६ या सात वर्षांत ब्रह्मी सैन्याने हा प्रदेश उद्ध्वस्त केला होता. १८२६च्या यांदाबो तहानंतर राज्य पुन्हा उभे राहिले आणि १८३५पासून इंग्रजांचा पोलिटिकल एजंट तेथे राहू लागला. तरीही बाहेरच्या माणसाला तेथे सहज जाता येत नसे. पश्चिमेकडून कछारमधून येणारी वाट एकामागून एक डोंगररांगा ओलांडत, मधल्या नद्या पार करत बिष्णुपूरजवळ खोऱ्यात उतरे. उत्तरेकडची वाट नागा टेकड्यांतून जाई. त्या टेकड्यांत १८७९मध्ये खोनोमाच्या अंगामी नागांनी उठाव करून कोहिमाच्या ठाण्याला वेढा घातला होता. पोलिटिकल एजंट जेम्स जॉन्स्टन मणिपुरी सैन्य घेऊन गेले, तेव्हा तो वेढा उठला. संघर्ष शमून फार काळ लोटला नव्हता, तोच ह्यूम यांची मोहीम आली.

त्यामुळे मणिपूरच्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी त्यापूर्वी झालेली नव्हती. सर्वेक्षण खात्यातील हेन्री हॅव्हरशॅम गॉडविन-ऑस्टिन यांनी १८७०च्या दशकात नागा टेकड्या आणि मणिपूरची सीमा मोजताना पक्षी गोळा केले आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात काही नव्या जातींची वर्णने छापली. त्यांच्या नमुन्यांवरून या डोंगरांत अनोळखी पक्षी आहेत एवढे स्पष्ट झाले होते. पण सर्वेक्षकाचे मुख्य काम नकाशाचे असल्याने खोरे, सरोवर आणि डोंगर यांचा एकत्र विचार करणारी पाहणी कोणी केली नव्हती. ती ह्यूम यांनी हाती घेतली.

मोहिमेआधीचे ह्यूम

ब्रिटिश संसदेतील सुधारणावादी सदस्य जोसेफ ह्यूम यांचे हे चिरंजीव १८४९मध्ये बंगाल सनदी सेवेत आले. इटाव्याचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी मोफत प्राथमिक शिक्षणाला चालना दिली. तेथेच गोळा केलेला त्यांचा पहिला पक्षिसंग्रह १८५७च्या उठावात नष्ट झाला. पुढे १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. मिठावरील कर वसूल करण्यासाठी उभारलेल्या लांबच लांब जकात-सीमेची देखरेख त्यांच्याकडे असल्याने त्यांचा सतत प्रवास होई आणि प्रवासात संग्रह वाढत जाई. १८७१पासून ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. सिमल्याच्या जाखू टेकडीवरचा रॉथनी कॅसल हा त्यांचा वाडा हळूहळू आशियाई पक्ष्यांचे मोठे संग्रहालय बनला. विल्यम रक्स्टन डेव्हिसन हे त्या संग्रहालयाची व्यवस्था पाहत आणि संग्रहासाठी दूरचे दौरेही करत.

ह्यूम यांचे खरे बळ त्यांच्या सहकाऱ्यांच्या जाळ्यात होते. १८७२मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. लष्करी अधिकारी, जंगलखात्याचे लोक, चहामळ्यांचे व्यवस्थापक आणि मिशनरी त्यात आपापल्या मुलखाच्या नोंदी पाठवत. महाराष्ट्राच्या पक्ष्यांच्या आरंभीच्या शास्त्रशुद्ध याद्याही याच नियतकालिकात छापल्या गेल्या. अमेरिकन मिशनचे फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसराची यादी १८७६मध्ये दिली. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांचा आढावा १८७८मध्ये घेतला. तर विडाल यांची दक्षिण कोकणची विस्तृत यादी १८८०मध्ये आली. या सगळ्यांकडून मिळणारी माहिती एकसारखी असावी, म्हणून १८७४मध्ये ह्यूम यांनी पक्षी, अंडी, घरटी आणि सांगाडे गोळा करण्याच्या, टिकवण्याच्या आणि पाठवण्याच्या सूचनांची एक मार्गदर्शक पुस्तिका काढली.

१८७९मध्ये सरकारने त्यांचे खाते मोडीत काढले. स्पष्टवक्तेपणामुळे वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेल्या ह्यूम यांना अलाहाबादच्या महसूल मंडळावर दुय्यम जागी पाठवण्यात आले. मणिपूरचा प्रवास त्यांनी या पदावरून खास रजा काढून केला. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप अशा आधीच्या मोहिमांचा अनुभव गाठीशी होता. पुढच्याच वर्षी, १८८२मध्ये, ते नोकरीतून निवृत्त झाले.

संग्रहाचे तंत्र

एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीतून पाहून पक्षी ओळखण्याची रीत रूढ झालेली नव्हती. पक्ष्याची जात नक्की करायची तर तो हातात घेऊन मोजावा लागे आणि इतर नमुन्यांशी ताडून पाहावा लागे. त्यामुळे पक्षी मारणे हा अभ्यासाचाच भाग होता. लहान पक्ष्यांसाठी अगदी बारीक छर्रे वापरत, म्हणजे पिसे फाटत नसत. पक्षी हाती आल्याबरोबर त्याची लांबी, पंख, शेपटी, चोच आणि पाय मोजले जात. डोळ्यांचा, चोचीचा आणि पायांचा रंग लगेच टिपून ठेवावा लागे, कारण काही तासांतच हे रंग उडतात आणि वाळलेल्या कातड्यात त्यांची खूण राहत नाही.

त्यानंतर कातडी सोलण्याचे काम सुरू होई. पोटावर छेद देऊन कातडी अंगापासून सोडवत, मांस आणि मेंदू काढून टाकत आणि शरीर उघडून जननेंद्रियांवरून नर-मादी ठरवत. कातडीला आतून सोमलयुक्त साबण चोळत, म्हणजे कीड लागत नसे. मग कापूस भरून मूळ आकार देत आणि पायाला चिठ्ठी बांधत. त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि मापे लिहिलेली असत. दमट हवेत कातडी कुजण्याआधी हे सगळे त्याच दिवशी उरकावे लागे. त्यासाठी ह्यूम यांच्या पदरी तरबेज भारतीय शिकारी आणि कातडी सोलणारे कारागीर होते. त्यांच्या हातच्या कौशल्याशिवाय ह्यूम यांचा संग्रह उभा राहणे शक्य नव्हते. छापील अहवालांत मात्र त्यांची नावे क्वचितच आढळतात.

या कामात चिठ्ठीचे मोल कातडीइतकेच होते. ठिकाण-तारीख नसलेला पक्षी शोभेची वस्तू ठरतो, अभ्यासाचा पुरावा होऊ शकत नाही. ह्यूम यांनी वर्षानुवर्षे आपल्या सहकाऱ्यांना हीच शिस्त लावली होती आणि मणिपूरमध्ये स्वतः तिचे पालन केले.

गवतातला लावा

मोहिमेतील सर्वांत कष्टाचा शोध एका लहान लाव्याचा होता. हा पक्षी दाट, ओलसर आणि माणसाहून उंच गवतात छोट्या थव्याने राहतो. तो उडण्यापेक्षा पायांवर पळणे पसंत करतो, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. थवा आत आहे हे कळल्यावर तो हाती लागावा म्हणून ह्यूम यांनी एक दिवस मुक्काम वाढवला आणि माणसे लावून गवताचा मोठा पट्टा कापून काढला. लपायला जागा कमी होत गेली, तेव्हा नमुने मिळाले. नराचे कपाळ आणि गळा तांबूस तपकिरी, पाठ राखाडी आणि पोटावर पिवळट रंगात ठसठशीत काळ्या रेघा होत्या. ह्यूम यांनी त्याचे नाव 'पेर्डिक्युला मणिपुरेन्सिस', म्हणजे मणिपूरचा लावा, असे ठेवले.

या वंशातील इतर तिन्ही जाती द्वीपकल्पीय भारतात राहतात. माळरानावर आणि झुडपी रानात थव्याने फिरणारे लावे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहेत आणि त्यांचाच एक रंगीत भाईबंद सह्याद्रीच्या झाडोऱ्यात सापडतो. कोरड्या भूमीवर वाढलेल्या या कुळातील एक शाखा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानापलीकडे दलदलीच्या गवतात जाऊन स्थिरावली, हे मणिपूरच्या नमुन्यांवरून प्रथम समजले.

डोंगरावरचा फेझंट

दुसरा शोध खोऱ्याभोवतीच्या डोंगरांतला. तांबूस तपकिरी अंग, चेहऱ्यावर लाल कातडी, पोलादी निळी मान, पंखावर दोन पांढरे पट्टे आणि लांब, करड्या-पांढऱ्या रंगाची आडव्या पट्ट्यांची शेपटी असा हा फेझंट ओक आणि पाइनच्या विरळ जंगलात, गवताळ व खडकाळ उतारांवर राहतो. ह्यूम यांनी पत्नी मेरी ॲन ग्रिंडल ह्यूम यांच्या सन्मानार्थ त्याच्या शास्त्रीय नावात 'ह्युमिई' हा शब्द घातला. तेव्हापासून इंग्रजीत तो मिसेस ह्यूम्स फेझंट म्हणून ओळखला जातो. मैतेई लोक त्याला नोंगीन म्हणतात आणि मिझो लोक वावू. डोंगरातल्या लोकांना हा पक्षी अर्थातच आधीपासून ठाऊक होता. मोहिमेने त्याला जगाच्या शास्त्रीय नोंदीत आणले.

या फेझंटचा सर्वांत जवळचा नातलग आग्नेय चीनमध्ये आहे. त्याचे वर्णन ह्यूम यांच्या मोहिमेआधी नऊ वर्षे, १८७२मध्ये झाले होते. मणिपूरचा फेझंट पुढे म्यानमार, नैर्ऋत्य चीन आणि उत्तर थायलंडमध्येही आढळला. ब्रह्मदेश आणि चीनकडून आलेल्या डोंगरी प्राणिजीवनाची पश्चिम कड मणिपूरच्या डोंगरांपर्यंत पोहोचते, हे यातून दिसले. खालच्या गवतात द्वीपकल्पाचा पाहुणा आणि वरच्या उतारावर चीनचा. त्यांच्याच जोडीला हिमालयीन कुळातील कस्तूर, सुतार आणि इतर पक्षीही येथे होते. त्यांतील काहींची मणिपुरी रूपे ह्यूम यांनी वेगळी म्हणून नोंदवली. लोकताकवर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके यात आणखी भर घालत. तीन प्रदेशांचे पक्षिजीवन येथे एकत्र येते हे आज पाठ्यपुस्तकात सांगितले जाते. त्याचा प्रत्यक्ष पुरावा जमवण्यात या मोहिमेचा वाटा मोठा आहे.

हस्तलिखितांचा नाश आणि संग्रहाचे प्रयाण

भारतीय साम्राज्यातील सर्व पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहिण्याची ह्यूम यांची योजना होती. त्यासाठी पाव शतकाच्या टिपणांचे मोठे बाड सिमल्याच्या घरी जमले होते. एकदा ते बाहेरगावी असताना एका नोकराने त्यातील बरीचशी पाने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. प्रवासातून परतलेल्या ह्यूम यांना ती परत मिळाली नाहीत. ग्रंथाची योजना तेथेच संपली. याच सुमारास थिऑसफीच्या प्रभावाखाली ते शाकाहारी झाले होते आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांना नकोसे झाले होते. राजकीय सुधारणांचा विचारही मनात बळावत होता. अशा अनेक कारणांनी त्यांनी पक्षिशास्त्रातून अंग काढून घेतले आणि संपूर्ण संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊ केला.

तो स्वीकारण्यासाठी १८८५मध्ये रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्याला आले. किडीने खराब झालेले सुमारे २०,००० नमुने आधीच नष्ट करावे लागले होते. उरलेले ८२,००० नमुने ४७ पेट्यांत भरण्यात आले. या पेट्या देवदाराच्या लाकडाच्या होत्या आणि नमुन्यांना इजा होऊ नये म्हणून त्या खिळे न वापरता जागीच तयार केल्या होत्या. प्रत्येक पेटी सुमारे अर्धा टन वजनाची होती. डोंगर उतरून, बैलगाड्यांतून कालकापर्यंत आणि तेथून पुढे त्या मुंबई बंदरात पोहोचल्या. मणिपूरचे पक्षीही त्यांतूनच इंग्लंडला गेले. म्युझियमने अखेर ७५,५७७ नमुने संग्रहात दाखल करून घेतले. ज्यांच्यावरून नव्या जातीचे पहिले वर्णन झाले असे २५८ मूळ नमुने त्यांत होते. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले आणि ह्यूम यांच्या आयुष्याचा पुढचा अध्याय सुरू झाला.

१८८८चा अहवाल आणि त्याचा उपयोग

सर्वंकष ग्रंथ झाला नाही, तरी मणिपूरच्या मोहिमेचा वृत्तांत वाचला. 'स्ट्रे फेदर्स'च्या अकराव्या खंडात १८८८मध्ये मणिपूर, आसाम, सिल्हेट आणि कछार येथील पक्ष्यांवरचा ह्यूम यांचा सुमारे साडेतीनशे पानांचा लेख प्रसिद्ध झाला. प्रत्येक जात कोठे, कोणत्या अधिवासात आणि किती प्रमाणात दिसली याचे विवेचन त्यात आहे. गोळा केलेले नमुने आणि त्यांविषयीचे सविस्तर लेखन अशा दोन्ही अंगांनी पूर्ण झालेल्या ह्यूम यांच्या कामात या लेखाचे स्थान वरचे आहे.

ह्यूम संग्रहाचा लाभ लगेचच पुढच्या ग्रंथांना मिळाला. यूजीन ओट्स आणि ब्लॅनफर्ड यांनी १८८९ ते १८९८ या काळात ब्रिटिश भारताच्या प्राणिजीवनावरील मालेतील पक्ष्यांचे चार खंड लिहिले, तेव्हा हे नमुने त्यांच्यासमोर होते. त्या मालेची दुसरी आवृत्ती स्टुअर्ट बेकर यांनी १९२०च्या दशकात केली. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले, त्यांचा पायाही याच परंपरेत आहे. मणिपूरमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे. सी. हिगिन्स या सनदी अधिकाऱ्याने शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्या छापल्या.

त्या पक्ष्यांची पुढील कहाणी

नोंगीन आज मणिपूरचा राज्यपक्षी आहे, तर वावू या नावाने मिझोरामचाही. जंगलतोड आणि शिकार यांमुळे त्याची संख्या घटली असली, तरी तो त्याच्या डोंगरांत टिकून आहे. मणिपुरी लाव्याची स्थिती फार बिकट आहे. १९३२नंतर कित्येक दशके त्याची खात्रीलायक नोंद मिळाली नाही. २००६मध्ये आसामच्या मानस राष्ट्रीय उद्यानात तो दिसल्याचे प्रसिद्ध झाले. जागतिक यादीत तो संकटग्रस्त गटात आहे. पाणथळ जमिनीचा निचरा, शेतीचा विस्तार, गवताला वारंवार लावली जाणारी आग आणि पारध ही त्याची कारणे मानली जातात. लोकताकच्या परिसरात १९८३मध्ये इथाई बंधारा कार्यरत झाल्यावर पाण्याची हंगामी चढउतार बंद झाली आणि काठची दलदल व गवताळ पट्टे यांचे स्वरूप बदलले. फुमदींवरील अधिवासासाठी १९७७मध्ये घोषित झालेले कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान हे या प्रदेशातील महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र आहे.

मोहिमेचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावे लागते. ह्यूम यांनी कापलेला गवताचा पट्टा पुढच्या पावसात पुन्हा वाढला असणार. पण त्यानंतरच्या शतकात गवताळ जमीन कायमचीच नाहीशी होत गेली, आणि खरा घाव तो आहे. १८८१मध्ये हे खोरे कसे होते, उंच गवतात कोण राहत होते, डोंगरावर कोणते पक्षी होते, याची चिठ्ठीसह नोंद असल्यामुळेच आज काय गमावले ते मोजता येते. मणिपुरी लाव्याचा शोध घेणारे संशोधक अजूनही कोणत्या प्रकारचे गवत तपासायचे हे ठरवताना ह्यूम यांच्या वर्णनाकडे वळतात. पाणथळ गवताळ रानांच्या संवर्धनाचा प्रश्न निघाला की त्या नोंदींना पुराव्याचे मोल येते.